ओल्या हातांचा हिशेब : हात वाळवणाऱ्या यंत्राची माहिती



मंडळाच्या सभागृहातील हात धुण्याच्या जागेची दुरुस्ती करायची म्हटली की एक सूचना हमखास येते : "मॉलमध्ये असते तसे गरम हवेचे यंत्र बसवून टाका, म्हणजे नॅपकिनची कटकट नको." सूचना वाईट नाही. पण कर्जाचा अर्ज आला की आधी कागदपत्रे पाहायची, मग सही करायची, ही बँकेतली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून या यंत्राची, म्हणजे हँड ड्रायरची, जी माहिती वाचनातून जमवली ती हिशेबासकट सर्वांपुढे ठेवत आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण कोरोनामुळे भारतातील जो पहिला मृत्यू नोंदला गेला, तो आपल्या कलबुर्गीचा होता. १० मार्च २०२० रोजी ७६ वर्षांचे एक गृहस्थ वारले आणि १२ मार्चला त्याचे कारण जाहीर झाले. त्या आठवड्यापासून हात कसे धुवावेत हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ झाले. वीस सेकंद, साबण, बोटांच्या बेचक्या, सगळे. मात्र धुतलेले हात कशाने पुसावेत, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. त्याच काळात गरम हवेच्या यंत्राखाली हात धरले की विषाणू मरतो, अशी एक अफवाही फिरत होती. जागतिक आरोग्य संघटनेला मुद्दाम खुलासा करावा लागला की यंत्राने विषाणू मरत नाही. हात साबणाने धुवा आणि मग कागदी रुमालाने किंवा गरम हवेने नीट कोरडे करा, असे त्यांनी सांगितले. त्यातला "नीट कोरडे" हा भाग आपण विसरतो.

ओला हात का नको?

जंतू कोरड्या हातापेक्षा ओल्या हातावरून फार सहज पसरतात. न्यूझीलंडमधील तीन संशोधकांनी १९९७ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. धुतलेल्या पण ओल्या राहिलेल्या हाताने कातडीला, खाद्यपदार्थाला आणि नेहमीच्या वापरातील वस्तूंना स्पर्श केला तर किती जंतू तिकडे जातात, हे त्यांनी मोजले. हात आधी टॉवेलने पुसून मग हवेखाली वाळवले, तर पसरणाऱ्या जंतूंत नव्वद टक्क्यांहून जास्त घट झाली. कातडीच्या बाबतीत तर ती ९९ टक्क्यांच्या वर होती. थोडक्यात, हात धुऊन ओलेच दाराच्या कडीला लावले, तर धुण्याच्या मेहनतीचा बराचसा भाग वाया जातो.

आपल्याकडे पंगतीतून उठल्यावर हात धुतात आणि मग धोतराचा सोगा, पदर, खिशातला रुमाल किंवा खुंटीवरचा पंचा यांपैकी जे जवळ असेल त्याला पुसतात. पहिल्या तिन्हींत निदान कापड आपले स्वतःचे असते. खुंटीवरचा सामाईक पंचा मात्र शंभर हातांना पुरून उरतो. संध्याकाळपर्यंत तो इतका ओला होतो की हात पुसले जातात की अजून भिजतात, हे सांगणे कठीण. डोळे येण्याची साथ असली तर एकाच्या टॉवेलवरून ती दुसऱ्याकडे जाते. खुपरी हा डोळ्यांचा जुना रोगही सामाईक टॉवेलमुळे पसरत असे.

सामाईक टॉवेल कसा गेला

हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होती. तेथील रेल्वे स्थानके, शाळा आणि हॉटेले यांत रुळावर गुंडाळलेला एक लांब टॉवेल टांगलेला असे व येणारा-जाणारा त्यालाच हात पुसत असे. कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सॅम्युअल क्रंबाइन यांच्या पुढाकाराने तेथे १९०९ मध्ये पाण्याच्या सामाईक पेल्यावर आणि १९११ मध्ये सामाईक टॉवेलवर बंदी आली. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीने कागदी टॉवेल बाजारात आणले. चुकून जास्त जाड बनलेल्या कागदाचा एक मोठा साठा वाया जाऊ नये म्हणून त्याचे तुकडे पाडून हात पुसायला विकले, अशी त्याची कथा सांगतात.

कागद आला तसा कागदाचा खर्चही आला. रोज नवे गठ्ठे, भरलेल्या टोपल्या, तुंबलेली गटारे. त्यातून विजेच्या यंत्राची कल्पना निघाली. न्यूयॉर्क राज्यातील ग्रोटन या गावच्या एअरड्राय कंपनीसाठी तिघांनी १९२१ मध्ये असे यंत्र पेटंटसाठी नोंदवले. ते पायाने दाबून चालू करायचे असे आणि कंपनी त्याला "विजेचा टॉवेल" म्हणत असे. ते फारसे रुजले नाही. पुढे १९४८ मध्ये शिकागोच्या जॉर्ज क्लेमेन्स यांनी भिंतीवर बसवायचे यंत्र तयार केले. पांढरी पेटी, गोल बटण, खाली वळलेली नळी. बटण दाबा, हात चोळा. त्यांच्या वर्ल्ड ड्रायर कंपनीचा हा नमुना पुढची कित्येक वर्षे जगभर चालला. आपल्याकडे सिनेमागृहांत आणि हॉटेलांत जी यंत्रे दिसतात ती याच घराण्यातली. फरक इतकाच की बटणाऐवजी आता हात ओळखणारा सेन्सर आला आहे.

यंत्र काम कसे करते

या जुन्या पद्धतीच्या यंत्रात एक पंखा आणि एक तापलेली तार असते. केस वाळवायच्या यंत्रासारखाच प्रकार. हातावरचे पाणी गरम हवेने वाफ होऊन उडावे, ही त्यामागची कल्पना. पण पाण्याची वाफ करणे हे महागडे काम आहे. एक ग्रॅम पाणी उडवायला सुमारे २,४०० ज्यूल ऊर्जा लागते. हातावर दोन ग्रॅम पाणी आहे असे धरले तर ४,८०० ज्यूल पुरेसे व्हावेत. यंत्र मात्र २,००० वॅटचे असेल आणि ४० सेकंद चालले, तर ते ८०,००० ज्यूल खाते. म्हणजे रुपयातले सहा पैसे कामाला आले आणि चौऱ्याण्णव पैसे खोली तापवण्यात गेले. शिकागोच्या थंडीत ती ऊब कोणाला खुपत नसेल. कलबुर्गीच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना हात धुण्याच्या कोंदट जागेत आणखी गरम हवा सोडायची, याचा विचार आपणच करावा.

दुसरी पद्धत पाणी उडवण्याऐवजी ढकलून देते. ओल्या फरशीवरचे पाणी खराट्याने लोटावे तसे. जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीने १९९३ मध्ये जेट टॉवेल नावाचे यंत्र आणले. त्यात हात वरून आत घालायचे आणि दोन्ही बाजूंच्या जोरदार हवेतून बाहेर काढायचे. २००६ मध्ये ब्रिटनच्या डायसन कंपनीने एअरब्लेड आणले. त्यातील हवा केसाएवढ्या बारीक फटीतून ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने बाहेर पडते आणि दहा-बारा सेकंदांत हात कोरडे होतात, असा कंपनीचा दावा. हवा तापवावी लागत नाही, त्यामुळे वीज कमी लागते. आज बाजारात "जेट" किंवा "हाय स्पीड" नावाने मिळणारी यंत्रे या दुसऱ्या पद्धतीची आहेत. यंत्र घेताना हा भेद आधी समजून घ्यावा, कारण दोघांची किंमत, वेळ आणि बिल यांत मोठा फरक आहे.

वीज, कागद आणि रांग

आता हिशेब. खालील दर मी उदाहरणासाठी धरले आहेत, ज्याने त्याने आपले दर घालून पाहावेत.

विजेचा दर युनिटला ८ रुपये धरू. गरम हवेचे २,००० वॅटचे यंत्र ४० सेकंद चालले तर एका युनिटमध्ये ४५ जणांचे हात वाळतात. माणशी खर्च १८ पैसे. जोरदार हवेचे १,६०० वॅटचे यंत्र १२ सेकंद चालले तर एका युनिटमध्ये सुमारे १८७ जण. माणशी साधारण ४ पैसे. कागदी रुमाल एकाला दोन लागतात आणि एकाची किंमत ४० पैसे धरली, तर माणशी ८० पैसे.

यावरून यंत्र स्वस्त दिसते. आता भांडवल धरू. साधे यंत्र ५,००० रुपयांना घेतले तर कागदाच्या तुलनेत दर वापराला ६२ पैसे वाचतात, म्हणजे सुमारे ८,००० वापरांत पैसे फिटतात. ५०० माणसांचे एक कार्य धरले तर सोळा कार्ये. जोरदार हवेचे यंत्र ३०,००० रुपयांना घेतले तर वाचतात ७६ पैसे आणि पैसे फिटायला सुमारे ३९,५०० वापर, म्हणजे जवळजवळ ऐंशी कार्ये लागतात. दुरुस्ती आणि घसारा वेगळा.

एवढ्यावर थांबलो तर ठराव मंजूर व्हावा. पण या हिशेबात रांग धरलेली नाही. शंभर माणसांची पंगत एकदम उठते. एका साध्या यंत्रावर प्रत्येकी ४० सेकंद म्हणजे ४,००० सेकंद, तासाहून जास्त. शेवटचा माणूस हात वाळवून येईपर्यंत पुढची पंगत जेवून उठलेली असेल. जोरदार हवेचे यंत्र असले आणि माणूस पुढे-मागे होण्यासह १५ सेकंद धरले तरी २५ मिनिटे. इतका वेळ कोणी थांबत नाही. पहिले दहा जण यंत्राखाली हात धरतात, बाकीचे विजारीला पुसून निघून जातात. टॉवेलने हात सुमारे दहा सेकंदांत ९६ टक्के कोरडे होतात, तेवढेच कोरडे व्हायला गरम हवेला ४५ सेकंदांच्या आसपास लागतात, असे अभ्यासात दिसले आहे. जिथे माणसे एकेक करून येतात तिथे यंत्र चालते. जिथे ती घोळक्याने येतात तिथे ते कमी पडते. गाणगापूरला पौर्णिमेच्या गर्दीत हात धुतलेली माणसे एका यंत्रापुढे उभी आहेत, असे नुसते डोळ्यांसमोर आणून पाहावे.

जंतूंचा वाद आणि अहवालाचा खर्च कोणाचा

यंत्राच्या स्वच्छतेबद्दल बराच वाद आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये स्वच्छतागृहांत जंतू वाढवण्याच्या बशा ठेवून पाहिल्या. यंत्र बंद असताना दोन मिनिटे उघड्या ठेवलेल्या बशीत सरासरी एखादी वसाहत वाढली किंवा तीही नाही. चालू यंत्राच्या हवेत फक्त ३० सेकंद धरलेल्या बशीत सरासरी १८ ते ६० वसाहती वाढल्या. यंत्र आजूबाजूची हवा ओढते आणि तीच हातावर सोडते, हे त्यामागचे मुख्य कारण. चांगली गाळणी बसवल्यावर जंतू सुमारे चौपट कमी झाले, पण संपले नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनच्या लीड्स विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटन, फ्रान्स आणि इटली या देशांतील एकेका रुग्णालयात बारा आठवडे पाहणी झाली. कागदी रुमाल असलेल्या स्वच्छतागृहापेक्षा जोरदार हवेचे यंत्र असलेल्या ठिकाणी जंतू अधिक आढळले.

याच्या उलट, ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या एका आधीच्या अभ्यासात जोरदार हवेच्या यंत्राला झुकते माप मिळाले होते. जुन्या गरम हवेच्या यंत्राखाली हात चोळत राहिल्यास कातडीच्या आतले जंतू वर येतात, असेही त्यात आढळले. मग खरे कोणाचे?

कर्जदाराने स्वतः पैसे देऊन करून आणलेला मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल बँकेत आला, तर तो खोटाच असतो असे नाही. पण तो वाचताना चष्मा जरा पुसून घ्यावा लागतो. ब्रॅडफर्डच्या अभ्यासाला डायसन कंपनीचे अर्थसाहाय्य होते. लीड्सच्या अभ्यासाला कागदी रुमाल बनवणाऱ्या उद्योगांच्या युरोपीय संघटनेचे होते. दोन्ही अभ्यास रीतसर नियतकालिकांत छापले गेले आहेत, त्यामुळे ते फेकून देण्याचे कारण नाही. दोघांत मिळून जे निर्विवाद उरते ते असे : हात पूर्ण कोरडे होणे सर्वांत महत्त्वाचे. अर्धवट धुतलेले हात यंत्राखाली धरले तर त्यावरचे जंतू आजूबाजूला उडतात. आणि रुग्णालयात, जिथे लोकांची प्रतिकारशक्ती कमी असते, तिथे कागद बरा.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट लागू पडते. आपण हाताने जेवतो. वरण, तूप, शेंगदाण्याची चटणी यांचा ओशटपणा घाईघाईने धुतलेल्या हातावर राहतोच. कापडाने किंवा कागदाने पुसताना घासले जाऊन तो थोडाफार निघतो. हवा तो तसाच ठेवते. शिवाय आपण हाताबरोबर तोंडही धुतो. यंत्राखाली तोंड धरून उभे राहिलेले आजोबा मी अजून पाहिलेले नाहीत.

आवाज, वीज आणि धूळ

जोरदार हवेच्या यंत्रांचा आवाज मोठा असतो. कॅनडातील कॅल्गरी शहराच्या एका शाळकरी मुलीने कित्येक सार्वजनिक स्वच्छतागृहांत फिरून मुलांच्या कानाच्या उंचीवर हा आवाज मोजला. काही यंत्रांचा आवाज शंभर डेसिबलच्या वर भरला. तिचा निबंध २०१९ मध्ये बालरोगाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लहान मुले यंत्राला घाबरून कान झाकतात तेव्हा आपण त्यांना रागावतो. त्यांची तक्रार खरी असते.

विजेचा मुद्दा आपल्या भागात सोडता येत नाही. २,००० वॅटचे यंत्र जवळजवळ ९ अँपिअर करंट घेते. त्याला १६ अँपिअरचे वेगळे कनेक्शन, चांगले अर्थिंग आणि करंट गळताच बंद होणारा स्विच लागतो, कारण जागा ओली असते आणि हातही ओले असतात. जुन्या वायरिंगवर ते लटकवू नये. वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही. ऐन कार्यात वीज गेल्यावर काय करायचे, याची सोय आधीच करावी लागते. उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ गाळणीत जाऊन बसते. ती कोण व कधी साफ करणार हे नक्की नसेल, तर यंत्र वर्षभरात धूळ ओकायला लागते.

सोलापूर शंभर किलोमीटरवर

एवढे सगळे वाचून कोणी विचारेल, मग करायचे काय? उत्तराचा काही भाग आपल्या शेजारीच आहे. कलबुर्गीहून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवर सोलापूर. तेथील चादरीप्रमाणेच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. टेरी कापडावर सुताचे बारीक फासे वर काढलेले असतात. त्यामुळे पाणी शोषायला जास्त जागा मिळते आणि हात लवकर कोरडा होतो. दोष कापडात कधीच नव्हता. एकच कापड दिवसभर सर्वांनी वापरण्यात होता. हातरुमालाएवढे छोटे नॅपकिन पाच-सहा डझन घेतले, वापरलेला टोपलीत आणि धुतलेला कपाटात, अशी पद्धत ठेवली तर छोट्या बैठकांना ते कागदापेक्षाही परवडते. धुतलेला नॅपकिन वाळवायला आपल्या भागात वर्षाचे बरेच महिने खणखणीत ऊन आहे. त्याचे बिल येत नाही.

माझ्या मते सभागृहाची विभागणी अशी व्हावी. जेवणाच्या जागी हात धुण्याच्या बेसिनपाशी कागदी रुमाल आणि पायाने उघडणारी टोपली. स्वच्छतागृहात, जिथे लोक एकेक करून येतात, तिथे हवे तर एक जोरदार हवेचे यंत्र. ते वेगळ्या कनेक्शनवर असावे आणि गाळणी साफ करण्याची तारीख त्याच्याशेजारी लिहिलेली असावी. यंत्र असले तरी शेजारी कागदाची पेटी राहू द्यावी, वीज गेल्यावर आणि तोंड पुसायला ती लागतेच. खुंटीवरचा सामाईक पंचा मात्र दोन्हीकडून काढून टाकावा. त्याला काही खर्च नाही, उद्याही करता येईल.

घरीही एवढे पाहावे. नातवंडे शाळेतून येऊन ज्या नॅपकिनला हात पुसतात, त्यालाच सर्दी झालेले आपण नाक-तोंड पुसतो का? प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा नॅपकिन आणि तो रोज बदललेला, इतके जमले तरी पुष्कळ. बाहेर जाताना खिशात किंवा पर्समध्ये धुतलेला रुमाल ठेवण्याची आपल्या आई-वडिलांची सवय होती. ती मोडली असेल तर पुन्हा लावून घ्यायला हरकत नाही.

कार्यकारिणीपुढे हा विषय येईल तेव्हा सभासदांनी आपापली मते जरूर मांडावीत. विजेचे आणि कागदाचे आजचे दर कोणी काढून आणले, तर वरचा हिशेब बैठकीतच पुन्हा मांडता येईल.